कापडाचा स्पर्श पारखावा कसा आणि सांगावा कसा

दुकानात कापड हातात घेतले की बहुतेकांच्या तोंडून ‘मऊ आहे’ एवढेच निघते. वर्षानुवर्षे धुतलेले धोतर मऊ, फ्लॅनेल मऊ आणि रेशीमही मऊ. पण धोतर मऊ लागते ते सहज वाकते म्हणून, फ्लॅनेल बोटांखाली दबते म्हणून आणि रेशमावरून बोट कुठे अडखळत नाही म्हणून. घरबसल्या साड्या विकणाऱ्याला किंवा परगावच्या बहिणीला फोनवरून कापड समजावून सांगणाऱ्याला हे तीन गुण वेगळे करता आले नाहीत, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून प्रत्येक गुणासाठी हाताची वेगळी हालचाल करावी आणि एका वेळी एकाच गुणाकडे लक्ष द्यावे.

त्याआधी थोडी तयारी लागते. नव्या सुती कापडावर खळ असते, पुष्कळदा मऊपणा आणणारे रसायनही असते, आणि दोन्ही पहिल्या काही धुण्यांत निघून जातात. त्यामुळे दुकानातला स्पर्श हा कापडाचा नसून त्यावरच्या लेपाचा असू शकतो. शक्य असल्यास एक तुकडा धुऊन, वाळवून आणि काही तास खोलीतल्या हवेत ठेवून मगच पारखावा. हवेचाही परिणाम होतो, कारण सुमारे 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या 16 टक्क्यांच्या आसपास आणि सूत सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात लुळी पडलेली सुती साडी सोलापूरच्या मे महिन्यात चांगली ताठ वाटते, ती यामुळेच. हात स्वच्छ आणि कोरडे असावेत, आणि डोळे मिटून घ्यावेत. चकाकी दिसली की आपण कापडाला गुळगुळीत ठरवून मोकळे होतो.

पहिला स्पर्श तापमानाचा असतो आणि तो काही क्षणच टिकतो. सपाट, घट्ट विणीचे कापड त्वचेला अधिक ठिकाणी टेकते, अंगाची उष्णता चटकन ओढून घेते आणि गार लागते. लव काढलेले कापड हवा अडवून ठेवते म्हणून उबदार लागते. येथे एक फसगत होते. माणसाच्या त्वचेत ओलेपणा ओळखणारे स्वतंत्र ग्राहक नसल्यामुळे आपण तो गारव्यावरून आणि चिकटपणावरून ताडतो, आणि थंड खोलीतले अगदी कोरडे कापडही दमट वाटते.

त्यानंतर बोटांची टोके हलक्या दाबाने कापडावरून फिरवावीत. नुसते बोट टेकवून बारीक पोत कळत नाही, कारण तो बोट सरकताना त्वचेत उठणाऱ्या कंपनांतून जाणवतो. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दिशेने, बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, दिशेने आणि उलट दिशेनेही फिरवून पाहावे. मखमलीत हा फरक ठळक असतो, साध्या विणीत फार कमी.

मग कापड वाकवून पाहावे. ब्रिटिश संशोधक पियर्स यांनी 1930 मध्ये मांडलेली पद्धत घरीही जमण्यासारखी आहे: कापडाची अरुंद पट्टी टेबलाच्या कडेबाहेर हळूहळू सरकवत न्यावी आणि किती लांबी बाहेर आल्यावर ती खाली झुकते ते पाहावे. जितकी जास्त लांबी, तितके कापड ताठ. तोच तुकडा उरेबात, म्हणजे तिरका, ओढून पाहावा. तो सहज सरकत असेल तर कापड अंगावर चांगले पडते. हटून बसत असेल तर निऱ्या फुगतात. चिमटीत दाबून भरीवपणा कळतो आणि मुठीत चुरगळून सोडल्यावर चुण्या किती राहतात तेही कळते. रेशमाची सळसळ कानांनी टिपावी, मात्र तिच्यावरून शुद्धतेचा निर्वाळा देऊ नये, कारण ती प्रक्रियेने आणता येते.

टोचण्याची परीक्षा मात्र बोटांनी कधीही करू नये, आणि लोकरीच्या खरेदीत सर्वांत जास्त फसगत नेमकी येथेच होते. सुमारे 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची पृष्ठभागावर आलेली टोके वाकत नाहीत, ती त्वचेत रुततात आणि वेदना पोहोचवणारे मज्जातंतू चाळवतात. असे जाड तंतू शंभरात पाचाच्या आसपास असले तरी पुष्कळांना ते सहन होत नाही. बोटांच्या टोकांची त्वचा जाड असल्याने तेथे हे समजतच नाही. म्हणून कापड मनगटाच्या वरच्या बाजूला, हाताच्या आतील त्वचेवर किंवा मानेवर हलके दाबून क्षणभर थांबावे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी हाताला नुसती भरड लागते, पण उघड्या पाठीला टोचते.

आता शब्द. मराठीत ते भरपूर आहेत, पण प्रत्येकाची जागा ठरवून घ्यावी: तलम म्हणजे बारीक सुताचे, झिरझिरीत म्हणजे विरळ विणीचे, सुळसुळीत म्हणजे हातातून निसटणारे, करकरीत म्हणजे ताठ, जाडेभरडे म्हणजे जाड आणि ओबडधोबड सुताचे. तलम कापड झिरझिरीत असेलच असे नाही. जपानमध्ये क्योतो विद्यापीठाचे सुएओ कावाबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात हेच काम काटेकोरपणे केले. सुटाच्या कापडाचे जाणकार वापरत असलेले कोशी (ताठपणा), नुमेरी (गुळगुळीतपणा), फुकुरामी (भरीवपणा) आणि शारी (कुरकुरीत कोरडेपणा) हे शब्द त्यांनी निश्चित केले, प्रत्येकासाठी नमुन्याची कापडे ठरवली आणि मग ते यंत्राच्या मोजमापांशी जोडले. शारी हा गुण उन्हाळी कापडात हवासा मानला जातो, कारण असे कापड घामाने अंगाला चिकटत नाही. थोडक्यात, मऊ ते चांगले हा आपला सरसकट समज उन्हाळ्यात तरी टिकत नाही.

नमुन्याची कापडे आपणही ठेवावीत: एक मलमल, एक पॉपलिन, एक खादी, एक डेनिम. वर्णन लिहिताना त्यांच्याशी तुलना करावी, उदाहरणार्थ: ‘पॉपलिनपेक्षा पातळ, पण मलमलीइतके विरळ नाही, हाताला गार, किंचित दाणेदार, निऱ्या सहज पडतात, मात्र चुण्या राहतात, दोनदा धुतल्यानंतर पारखले.’ यात वजनाचा, म्हणजे जीएसएमचा (एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम), आकडा घातला की विकत घेणाऱ्याला आणखी विचारण्यासारखे फारसे उरत नाही.