प्रदर्शनात स्टॉल घेण्याआधी करावयाची तयारी

प्रदर्शनात उतरायचे ठरले की बहुतेक लघुउद्योजक सर्वांत आधी स्टॉलचा दर विचारतात. खरे तर त्याआधी, तेथे आपल्याला नेमके कोण भेटायला हवे आहे हे ठरवले पाहिजे. लातूरच्या डाळमिलला वितरक हवे असतात, जालन्याच्या अवजार उत्पादकाला विक्रेते आणि शेतकरी दोन्ही हवे असतात, तर वाळूजमध्ये सुटे भाग बनवून देणाऱ्या कारखानदाराला मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागातील माणसे हवी असतात. या शेवटच्या कारखानदाराने बंगळूरच्या इमटेक्स या यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनात स्टॉल घेण्यापेक्षा प्रेक्षक म्हणून जावे, असे माझे मत आहे, कारण तेथे येणारा मुख्यतः यंत्रसामग्री पाहायला येतो, सुट्या भागांचा पुरवठादार शोधायला नव्हे. ज्या प्रदर्शनात पुढच्या वर्षी उतरायचे आहे, ते यंदा एकदा दिवसभर हिंडून पाहावे. गर्दी कोणत्या रांगेत थांबते आणि कोणत्या रांगेतून नुसती पुढे सरकते, हे माहितीपत्रकावरून कधीच कळत नाही.

पुढील विवेचनासाठी सोयाबीनची पेरणी करणारे रुंद सरी वरंबा यंत्र तयार करणाऱ्या जालन्यातील एका छोट्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरणारे किसान प्रदर्शन त्याला सोयीचे आहे, कारण तोपर्यंत सोयाबीनचे पैसे बऱ्याच शेतकऱ्यांच्या हातात आलेले असतात आणि जूनच्या पेरणीसाठी यंत्राचा विचार सुरू होऊ शकतो. मात्र डिसेंबरच्या प्रदर्शनाची तयारी जून-जुलैतच हाती घ्यावी लागते. मधे दिवाळी येते. त्या सुमारास कामगार गावी जातात, छापखाने भरलेले असतात आणि रंगकाम करून देणारा तारखा पुढे ढकलतो. म्हणून प्रदर्शनात ठेवायचे यंत्र रंगकामासह दिवाळीपूर्वी तयार असावे आणि माहितीपत्रकाचा मजकूरही तोवर अंतिम झालेला असावा.

तयार स्टॉल घेतल्यास साधारणपणे तीन बाय तीन मीटर, म्हणजे नऊ चौरस मीटर जागा, तीन बाजूंचे पार्टिशन, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, थोडे दिवे आणि एक प्लग पॉइंट एवढे मिळते. नेमके काय मिळणार, हे आयोजकाकडून लेखी घ्यावे. नऊ चौरस मीटरच्या जागेत ट्रॅक्टरला जोडलेले यंत्र बसत नाही. त्यासाठी मोकळी जागा घ्यावी लागते, आणि मग खाली काय अंथरायचे, सावली कशाची करायची हे सारे आपल्यावर येते. शक्य असल्यास दोन बाजू मोकळ्या असलेला कोपऱ्याचा स्टॉल घ्यावा. त्याचा जादा दर मला कधी महाग वाटलेला नाही. यंत्र चालवून दाखवायचे असेल तर लागणाऱ्या किलोवॅटचा आणि थ्री फेजचा अर्ज मुदतीत करावा, कारण उद्घाटनाच्या आदल्या रात्री वायरमन आपल्यासाठी मोकळा नसतो. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, हेही अंदाजपत्रकात धरावे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना केंद्राच्या खरेदी व विपणन साहाय्य योजनेतून मान्यताप्राप्त प्रदर्शनांच्या स्टॉलभाड्याची काही भरपाई मिळू शकते. तिच्या चालू अटी स्टॉलचे पैसे भरण्यापूर्वीच जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्याव्यात.

कागदपत्रांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही आणि गाडी अडते ती तेथेच. प्रदर्शनासाठी पाठवलेला माल विकलेला नसतो, म्हणून तो कर-बीजकावर नव्हे तर डिलिव्हरी चलनावर, तीन प्रतींत पाठवावा आणि ‘प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी नाही’ असे त्यावर स्पष्ट लिहावे. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीत मालाची किंमत एक लाख रुपयांवर गेली की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा दाखला, लागते, राज्याबाहेर ही मर्यादा ५० हजारांची आहे. बिलाची मुदत सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, त्यामुळे गाडी प्रत्यक्ष निघण्याच्या वेळीच ते तयार करावे. परतीच्या प्रवासासाठी सगळे कागद पुन्हा लागतात. मोशीत यंत्र जागेवर विकले गेले तर महाराष्ट्रातील आपल्याच नोंदणीवर बीजक देता येते. दिल्ली किंवा हैदराबादला जागेवर विक्री करायची असेल तर मात्र त्या राज्यात तात्पुरता करदाता म्हणून किमान पाच दिवस आधी नोंदणीचा अर्ज करावा लागतो आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. नुसत्या ऑर्डरी घेऊन माल नंतर जालन्याहून पाठवायचा असेल तर या खटाटोपाची गरज पडत नाही, आणि छोट्या कारखान्याला हाच मार्ग अधिक सोयीचा आहे.

स्टॉलवर शेतकऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा किमतीचा नसतो. ‘हे अनुदानात बसतं का?’ असे तो विचारतो. त्यामुळे अनुदानासाठी लागणाऱ्या, अधिकृत केंद्राच्या चाचणी अहवालाची प्रत टेबलावर हाताशी असावी. अहवाल नसेल तर प्रदर्शनाचे वर्ष एकने पुढे ढकललेले बरे. दुसरा प्रश्न ट्रॅक्टर किती एचपीचा लागतो हा असतो आणि तिसरा, फाळ झिजल्यावर सुटा भाग कोठे मिळेल हा. या तिन्हींची उत्तरे न अडखळता देऊ शकणारा माणूस स्टॉलवर हवा. तो कारखान्यातील फिटर असला तरी चालेल, किंबहुना अधिक चांगले. नुसती पत्रके वाटण्यासाठी रोजंदारीवर उभी केलेली मुले येथे उपयोगाची नाहीत. एका वेळी दोघे स्टॉलवर आणि तिसरा जेवणा-विश्रांतीसाठी मोकळा, एवढी माणसे नेली तर शेवटच्या दिवशीही कोणाचा आवाज बसलेला नसतो. पिशव्या, पेन, किचेन यांवरचा खर्च मी पूर्ण टाळायला सांगेन. त्याच पैशात यंत्राने केलेली सरी आणि त्यात उगवलेले सोयाबीन दाखवणारी छोटी चित्रफीत तयार होते. ती आवाजाविना समजेल अशी असावी, कारण दालनात काहीही ऐकू येत नाही. मात्र ती जुलैतच, पीक शेतात उभे असताना चित्रित करावी लागते.

भेटणाऱ्यांची नोंद करण्यासाठी घरून छापील वही न्यावी. तिच्यात नाव व मोबाइलखेरीज तालुका, पीक, ट्रॅक्टरचा एचपी आणि ‘केव्हा हवे’ असे रकाने असावेत. ‘जिंतूर, सोयाबीन-तूर, ४५ एचपी, मे, विक्रेता म्हणून इच्छुक’ अशी ओळ दोन महिन्यांनीही बोलते; नुसत्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा आठवड्यात मुका होतो. रोज संध्याकाळी स्टॉल बंद केल्यावर नोंदींचे तीन गट करावेत: विक्रेते, या हंगामात घेणारे, आणि नुसते पाहून गेलेले. विक्रेत्यांना दरपत्रक परतल्यापासून आठवडाभरात जावे. हे काम कोण करणार, ते जालना सोडण्यापूर्वीच ठरवावे आणि त्या माणसाला शक्यतो स्टॉलवर नेऊ नये, म्हणजे पहिल्या दिवसाच्या नोंदी त्याच रात्री त्याच्याकडे पाठवता येतात. विक्रेत्यांच्या प्रत्यक्ष भेटी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकाव्यात. सुटे भाग त्यांच्या दुकानात मेअखेरपर्यंत पोहोचलेले असले पाहिजेत, कारण मृगाचा पाऊस पडल्यावर कोणताही शेतकरी फाळासाठी थांबत नाही.