क्वार्टरबॅकचं करिअर नीट कसं बघायचं

ठाणे-वाशी लोकलला आमच्या ग्रुपमध्ये एकच भांडण चालू असतं, अमेरिकन फुटबॉलमधले क्वार्टरबॅक (टीमचा बॉल फेकणारा मेन प्लेयर) टॉम ब्रॅडी मोठा की पेटन मॅनिंग, आणि शेवटी निघतं काय तर एकाने ७ सुपर बोल (लीगची फायनल) जिंकल्या, दुसऱ्याने २, संपला विषय. असं नका बघू हो. क्वार्टरबॅकचं करिअर टोटलवरून कळतच नाही, ते एकेक सीझन धरून बघावं लागतं. कसं ते सांगतो.

आधी तो आला कुठून ते शोधा. टॉम ब्रॅडी २००० च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स आळीपाळीने कॉलेजचे प्लेयर उचलतात तो) १९९ वा, म्हणजे त्याच्या आधी १९८ पोरं उचलली गेली, आणि २००१ च्या सप्टेंबरमध्ये पॅट्रियट्सचा मेन क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसोला जबर लागलं म्हणून याला चान्स मिळाला. कर्ट वॉर्नरला तर ड्राफ्टमध्ये कोणी विचारलंच नाही, आयोवात सुपरमार्केटमध्ये रॅकवर माल लावायचा तो, आणि १९९९ च्या सीझनला रॅम्स टीमकडून लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेयर) पण आणि सुपर बोल पण. त्यामुळे प्लेयर कुठलाही असो, त्याच्या पुढे टीममध्ये कोण होता आणि तो बाजूला का झाला, हे पहिलं बघायचं.

मग हायलाइट्स बंद करा आणि एक अख्खी ड्राइव्ह (बॉल ताब्यात आल्यापासून तो जाईपर्यंत किंवा स्कोअर होईपर्यंतचा टीमचा हल्ला) बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. २००१ सीझनच्या सुपर बोलमधली पॅट्रियट्सची शेवटची घ्या. स्कोअर १७-१७, घड्याळात १ मिनिट २१ सेकंद, टाइमआउट एकही नाही, बॉल स्वतःच्याच १७ यार्ड लाइनवर. कॉमेंट्रीला जॉन मॅडन, त्याचं म्हणणं की रिस्क नको, ओव्हरटाइमला जा. ब्रॅडी लांब फेकायच्या भानगडीतच पडत नाही, रनिंग बॅक रेडमंडला छोटे छोटे पास, मग ट्रॉय ब्राउनला २३ यार्डचा, मग परत एक छोटा, आणि ७ सेकंद उरले असताना बॉल जमिनीवर आपटून घड्याळ थांबवतो. मग किकर विनातिएरीची ४८ यार्डची किक, २०-१७. अख्ख्या मॅचमध्ये ब्रॅडीचे पासिंग यार्ड फक्त १४५ आणि तरी एमव्हीपी तोच!

बघताना प्रत्येक स्नॅपच्या (बॉल क्वार्टरबॅककडे येऊन खेळ सुरू होतो तो क्षण) आधी पॉज करा आणि डिफेन्समध्ये अगदी मागे सेफ्टी (शेवटचे बचावपटू) किती उभेत ते मोजा. दोन असतील तर लांबचा पास बहुतेक झाकलेला असतो, मग जागा सापडते ती अलीकडे. आता प्ले करा आणि बॉल तिकडेच जातो का बघा. सवय झाली की कोण डिफेन्स वाचून फेकतोय आणि कोण नुसता हाताच्या ताकदीवर, हे दिसायला लागतं.

आकडे त्यानंतर. पासर रेटिंग (पासिंगच्या आकड्यांवरून क्वार्टरबॅकला मिळणारे मार्क) जास्तीत जास्त १५८.३ असतं, पण त्यात सॅक (फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं) धरत नाहीत आणि पळून काढलेले यार्डही नाहीत, म्हणून त्याच्यावर एकट्यावर जाऊ नका.

रिंगचंही (सुपर बोल जिंकल्यावर मिळणारी अंगठी) तेच. डॅन मरिनोने १९८४ मध्ये ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन काढले, रिंग शेवटपर्यंत नाही. पेटन मॅनिंगचा मानेच्या ऑपरेशन्समुळे २०११ चा अख्खा सीझन गेला, त्याच्या कोल्ट्स टीमने सोडून दिलं, आणि २०१३ मध्ये डेन्व्हरकडून पठ्ठ्याने ५५ टचडाउन मारले, रेकॉर्ड. दुसरी रिंग मात्र मिळाली २०१५ च्या सीझनला, ज्यात रेग्युलर सीझनमध्ये ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास) होते, कारण तेव्हा डेन्व्हरचा डिफेन्स भयंकर होता, त्या फायनलचा एमव्हीपी पण डिफेन्सचाच वॉन मिलर. माझ्यासाठी मानेच्या दुखण्यातून परत उभं राहून खेळलेलं ते २०१३ त्या रिंगपेक्षा कितीतरी मोठं आहे.

लाइव्ह बघायचं तर रविवारच्या पहिल्या मॅचेस आपल्याकडे रात्री १०:३० ला, नोव्हेंबरात तिकडचं घड्याळ मागे गेलं की ११:३० ला. सुपर बोल सोमवारी पहाटे ५ च्या सुमारास, म्हणजे ऑफिसला हाफ डे आधीच टाकून ठेवा.