दोघांच्या नजरा जुळल्या पाहिजेत: छोट्या प्रेमपटाचं शॉट डिव्हिजन

पहिली शॉर्ट फिल्म करणारे बरेच जण प्रेमकथा निवडतात. कारण उघड आहे: दोन नट, एक गच्ची, एक जिना, बेताचा खर्च. पण ही निवड वाटते तितकी सोपी नाही. हाणामारीत एखादा चुकलेला शॉट वेगाच्या भरात खपून जातो. इथे पडद्यावर दोन चेहरे असतात आणि प्रेक्षक त्यांचे डोळे बघत बसलेला असतो, त्यामुळे चूक लपवायला जागाच उरत नाही. मिड, क्लोज, टू शॉट (दोघं एका फ्रेममध्ये), ओएस (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा) हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालते.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे सगळं त्यावर बोलता येईल. संध्याकाळ, गच्ची, पश्चिमेकडचा कठडा. तो आणि ती कठड्याला टेकून उभे आहेत. आधी दोघं सूर्याकडे बघतात, मग एकमेकांकडे. दोन पानांचं दृश्य, म्हणजे साधारण दोन मिनिटं.

शॉट डिव्हिजन, म्हणजे दृश्य कुठल्या कुठल्या शॉटमध्ये तोडायचं याची यादी, लिहायला बसण्याआधी स्क्रिप्टच्या समासात दोघांमधलं अंतर लिहा. फूट किंवा हात, जे सोयीचं असेल ते. पहिल्या ओळीला चार फूट, ती कप पुढे करते तिथे दोन फूट, तो नोकरीचं सांगतो तिथे पुन्हा तीन, शेवटी एक. प्रेमाच्या दृश्यात खरी घडामोड म्हणजे हे अंतर बदलणं. हा आलेख हातात आला की शॉटचा आकार आपोआप ठरू लागतो: अंतर जास्त तेव्हा टू शॉट, कमी होऊ लागलं की ओएस, आणि सगळ्यात जवळचा क्लोज फक्त एका ठिकाणी. नवखे दिग्दर्शक हा क्लोज पहिल्या वीस सेकंदांतच वापरून टाकतात. मग शेवटी जवळ जायला जागा राहत नाही आणि पार्श्वसंगीत वाढवावं लागतं. तो एक क्लोज कुठल्या ओळीवर येणार, हे कागदावर लाल पेनाने लिहून ठेवा.

आता नजरेबद्दल. सेटवर याला ‘लुक’ म्हणतात: कॅमेरा लेफ्ट लुक, कॅमेरा राईट लुक. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण इथली चूक शूटिंगच्या वेळी अजिबात दिसत नाही. ती एडिट टेबलवर कळते आणि तेव्हा नट आपापल्या गावी परतलेले असतात.

दोघांच्या डोक्यांना जोडणारी एक रेषा मनात आखा. ही तुमची इमॅजिनरी लाईन, आणि सगळे कॅमेरे तिच्या एकाच बाजूला हवेत. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. गच्चीवर मात्र असं होतं: रेषा कठड्याला समांतर जाते. तिची एक बाजू म्हणजे गच्ची, दुसरी बाजू म्हणजे हवा. मागून घेतलेल्या मास्टरमध्ये, म्हणजे सगळं दृश्य सलग दाखवणाऱ्या रुंद शॉटमध्ये, तो डावीकडे, ती उजवीकडे. म्हणजे तो कॅमेरा राईट बघणार, ती कॅमेरा लेफ्ट. त्याचा क्लोज घ्यायला तुम्ही तिच्या पलीकडे, पण गच्चीच्याच बाजूला कॅमेरा लावता. लुक राईट, सगळं बरोबर. मग तिची पाळी येते. मॉनिटरमध्ये बघता तर गच्चीच्या बाजूने तिचा गाल सावलीत आहे आणि पश्चिमेचं सोनेरी ऊन पडलंय पलीकडच्या गालावर. कोणीतरी म्हणतं, कॅमेरा जरा कठड्यावर सरकवा, बाहेरच्या बाजूने घ्या, काय सुंदर दिसतंय! ट्रायपॉड दीड-दोन फूट सरकतो आणि शॉट खरंच सुंदर येतो. सगळे खूश.

त्या दीड-दोन फुटांत तुम्ही रेषा ओलांडलीत. आता तीही कॅमेरा राईट बघते आहे. तिचा आणि त्याचा क्लोज पाठोपाठ लावा: दोघंही एकाच दिशेला बघतायत, फ्रेमबाहेर उभ्या असलेल्या कुणा तिसऱ्याशी बोलत असल्यासारखे. प्रेक्षकाला रेषा माहीत नसते. त्याला एवढंच जाणवतं की ही दोघं एकमेकांची वाटत नाहीत. दृश्य कितीही मनापासून केलेलं असो, तिथे ते मरतं. लेन्स आणि लाईट नेमकी मोहात पाडतात म्हणूनच ही चूक होते. आळशी माणसांपेक्षा फ्रेमवर प्रेम करणाऱ्यांकडून जास्त होते.

‘एडिटमध्ये शॉट उलटा करू’ या उपायावर विसंबू नका. आरसा मारल्यासारखा शॉट फिरवला की तिचा पदर उजव्या खांद्यावर जातो, भांग दुसऱ्या बाजूला, घड्याळ दुसऱ्या मनगटावर, आणि मागच्या दुकानाची पाटी उलटी वाचली जाते. तोच पदर पुढच्याच टू शॉटमध्ये पुन्हा डाव्या खांद्यावर दिसतो.

मग त्या सोनेरी उन्हाचं काय करायचं? ते पाठीमागून येऊ द्या. गच्चीच्या बाजूने शूट केलं की ऊन केसांच्या आणि गालाच्या कडेवर येतं, आणि सावलीतल्या गालासाठी कॅमेऱ्याशेजारी तीन-चार फुटांवर पांढरा थर्माकोल धरा. तेच ऊन मऊ होऊन चेहऱ्यावर परत येतं, रंगही तोच राहतो. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी १९५६च्या ‘अपराजितो’साठी सेटवर वर पांढरं कापड ताणून त्यावरून प्रकाश परतवला होता, तत्त्व तेच, फक्त तुमच्याकडे थर्माकोल आहे. चेहऱ्यापासून फार जवळ धरला तर डोळे बारीक होतात, तेव्हा नटाला विचारून अंतर ठरवा.

रेषा बदलायचीच असेल तर ती प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत बदला. ती त्याच्या मागून जाऊन पलीकडे उभी राहते, हे दोघंही फ्रेममध्ये असताना दाखवा. त्यानंतर तो कॅमेरा लेफ्ट बघणार, ती राईट, आणि कुणाला खटकणार नाही. अडचण अशी की शूटिंग क्रमाने होत नाही. म्हणून शॉट डिव्हिजनमध्ये ‘जागा बदलण्याआधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन वेगळी पानं करा, आणि प्रत्येक शॉटपुढे एल किंवा आर लिहाच. एडीकडेही (असिस्टंट डायरेक्टर) तीच प्रत द्या. कठड्यावरून बाहेर हात काढून मोबाईल किंवा गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) धरण्याचा प्रकार मात्र कुठल्याही कारणाने करू नका. खाली माणसं चालत असतात.

लुकची दिशा बरोबर आली म्हणजे काम झालं असं नाही. नजर लेन्सपासून किती लांब आहे, हेही जुळावं लागतं. कॅमेरा चेहऱ्यापासून दीड मीटरवर असेल आणि समोरचा नट लेन्सपासून ६० सेंटिमीटर बाजूला उभा असेल, तर नजर सुमारे २२ अंशांनी वळते. तोच १० सेंटिमीटरवर आला तर जेमतेम ४ अंश, म्हणजे जवळपास प्रेक्षकाच्याच डोळ्यांत. दोन्ही ठीक आहेत, पण एकाचा क्लोज २२ अंशांचा आणि दुसऱ्याचा ४चा असेल तर एक जीव ओततोय आणि दुसरा टाळतोय असा अर्थ निघतो. तो अर्थ हवा असेल तर जरूर वापरा. नको असेल तर दोन्ही वेळा टेपने मोजा. दृश्य पुढे सरकेल तशी नजर लेन्सच्या जवळ आणत नेली, तर कॅमेरा न हलवताही जवळीक वाढते. हे साधन फुकटचं आहे आणि फार कमी लोक वापरतात.

उंचीचंही तसंच. त्याचा क्लोज चालू असताना ती दमून खुर्चीवर बसून ओळी म्हणते, आणि त्याची नजर तिच्या डोळ्यांऐवजी कॅमेऱ्याखाली कुठेतरी जाते. तिला उभं करा, किंवा स्टँडवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला टेपचा तुकडा लावा. आणि दोघांनाही एक गोष्ट सांगा: समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून बघू नका. खऱ्या आयुष्यात आपण तसंच बघतो, पण मोठ्या क्लोजमध्ये बुबुळं थरथरल्यासारखी दिसतात. लेन्सच्या जवळच्या एकाच डोळ्यात बघायचं.

मिठीचा शॉट कागदावर सोपा वाटतो. प्रत्यक्षात मिठीत एका बाजूच्या कॅमेऱ्याला एकाचाच चेहरा नीट मिळतो. दुसऱ्याचा डोक्याआड जातो. कोणाचा चेहरा दिसणार, हा पटकथेचा प्रश्न आहे, म्हणून आधी ठरवा आणि त्या व्यक्तीची हनुवटी कॅमेऱ्याकडच्या खांद्यावर येईल अशी तालीम करा. स्पर्श कुठे आणि किती, हे नटांना शूटिंगच्या दिवशी सांगू नका. आधी विचारा, लिहून ठेवा, आणि ठरल्यापेक्षा पुढे जाऊ नका. अवघडलेला नट कुठल्याच फ्रेममध्ये प्रेमात दिसत नाही.

लेन्सबद्दल थोडक्यात. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) टू शॉटला ३५ मिलिमीटर, ओएसला ५०, क्लोजला ८५ एवढं पुरतं. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर ३५ची लेन्स साधारण ५०सारखी वागते. दोन्ही क्लोज एकाच लेन्सने, एकाच अंतरावरून. सगळं एफ १.८वर, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं, उघडं ठेवण्याचा हट्ट सोडा: फुल फ्रेमवर ५०च्या लेन्सने एक मीटरवर जेमतेम ४ सेंटिमीटर फोकसमध्ये राहतं. नट श्वास घेताना तेवढा हलतोच. एफ ४ला ते नऊ-दहा सेंटिमीटर होतं आणि फोकस सांभाळणारा वेगळा माणूस (फोकस पुलर) नसला तरी निभावतं. मोबाईलवर करत असाल तर लाजू नका, पण चेहऱ्यासाठी मुख्य लेन्स घेऊन जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं. टेलिफोटो लावून मागे सरा. पोर्ट्रेटचा खोटा ब्लर टाळा, उडणाऱ्या केसांपाशी तो फाटतो.

फ्रेममध्ये काय आहे, ते डोळ्यांनी न बघता फोटो काढून बघा. गच्चीवर कपड्यांची दोरी किंवा कठड्याची कड बरोबर मानेतून जाते, पाण्याची टाकी डोक्यावर टोपीसारखी बसते. कॅमेरा सहा इंच खाली घेतला की बहुतेक वेळा सुटतं. तीच दोरी पुढे, फोकसबाहेर ठेवली तर दोघांच्या मध्ये एक पडदा तयार होतो. ते बोलत नसतील त्या ओळींना हे चांगलं चालतं. नजरेच्या बाजूला मोकळी जागा सोडतात हे तुम्हाला माहीत आहे. भांडणाच्या ओळीवर ती जागा काढून घ्या, चेहरा फ्रेमच्या कडेला भिडवा. एकदाच. तीनदा केलंत तर ते भांडण न वाटता चूक वाटतं.

जिन्यातल्या दृश्याला एवढंच: ट्यूबलाईट असेल तर २५ फ्रेम आणि शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/६०ला राहिलं तर फ्रेमवर पट्टे सरकताना दिसतात, आणि तेही छोट्या स्क्रीनवर सहसा कळत नाहीत. दिवसा गच्चीवर हाच १/५० ठेवून एफ २.८ हवा असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००ला सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे सहा वेळा उजेड निम्मा करणारी लेन्सपुढची काळसर काच, लागतो, म्हणजे एनडी ६४.

वेळेचं गणित कठोर आहे. पुण्यात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनच्या अखेरीस सव्वासातच्या सुमारास. मावळल्यानंतर वापरण्याजोगा उजेड वीसेक मिनिटं. एवढ्यात सात शॉट होत नाहीत, दोन होतात. म्हणून क्लोज आधी, साडेचार-पाचला, वर पांढरं कापड धरून घ्या, आणि वाइड खऱ्या संध्याकाळी. आकाश नंतर तयार करता येत नाही. क्लोजच्या मागे मात्र थोडीशीच पार्श्वभूमी दिसते. तिचा आणि त्याचा क्लोज लागोपाठ घ्या, मध्ये चहा नको. अर्ध्या तासात उजेडाचा रंग बदलतो. लहान युनिटला दिवसाला पंधरा-वीस सेटअप, म्हणजे कॅमेऱ्याच्या नव्या मांडण्या, झेपतात. आठ मिनिटांच्या फिल्मला पन्नास शॉट लिहिले असतील तर तीन दिवस धरा, किंवा शॉट कमी करा. कमी करणं हा पराभव नाही. चार नीट विचार केलेल्या शॉटमध्ये हे गच्चीचं दृश्य पूर्ण होतं.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत ठाम आहे. महिनाभर नुसता कॅमेरा धरायला देणाऱ्यापेक्षा तीन दिवस एडिटरच्या मागे बसू देणारा गुरू शोधा. न जुळणारे लुक तिथे डोळ्यांत भरतात आणि ते पुन्हा विसरले जात नाहीत. पहिल्याच दिवशी ‘नियम मोडायचे असतात’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा. ड्रोनचा शॉट, स्लो मोशनमध्ये उडणारे केस, दोघांभोवती फिरणारं गिंबल यांना मी नावं ठेवत नाही, पण गिंबल फिरत रेषेच्या पलीकडे जाऊन थांबलं की त्यानंतरचे सगळे लुक नव्या बाजूचे होतात. हे लिहून ठेवल्याशिवाय ते बाहेर काढू नका.

चित्र काढता येत नाही म्हणून स्टोरीबोर्ड टाळू नका. दोन मित्रांना त्याच गच्चीवर, त्याच वेळी उभं करा आणि मोबाईलने सगळ्या शॉटचे फोटो क्रमाने काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. फोटो पाठोपाठ सरकवत बघा. ज्या दोन फोटोंमध्ये मित्र एकाच दिशेला बघताना दिसतील, तिथेच तुमची रेषा तुटते आहे. आणि शूटिंगच्या दिवशी तिचा क्लोज झाला की थर्माकोल खाली ठेवण्याआधी त्याचा आणि तिचा एकेक टेक शेजारी शेजारी लावून बघा. दोघं एकमेकांकडे बघत असतील, तरच ट्रायपॉड उचला.