या चुका टाळा: रोज डांबरावर धावणाऱ्या गाडीला मोठे ऑल-टेरेन टायर घालताना

परवा मावसभावाचा फोन आला. त्याची पाच दारांची मारुती जिम्नी अजून नवी आहे. "दादा, २३५ चे टायर बसतील ना?" मी उलट विचारलं, "मागच्या महिन्यात गाडी चिखलात कितीदा उतरली?" जरा थांबून म्हणाला, "दोनदा. सत्तरी तालुक्यात, सुपारीच्या कुळागराकडे." बाकीचा महिना म्हापसा ते पणजी आणि परत, मध्ये पर्वरीची गर्दी.

आपल्यातल्या बहुतेकांची गाडी अशीच चालते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी उतरवायला बंदी आहे. कुळ्याहून दूधसागरला खाजगी गाडी नेता येत नाही, तिथे परवान्याच्या जीपच जातात. राहतो तो गावाकडचा लाल मातीचा रस्ता, एखादा ओहोळ आणि खड्ड्यांनी भरलेला हमरस्ता. टायर त्यासाठी निवडायचा आहे. मी स्वतः जिम्नीला तेच मोठे ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर घातले, एक पावसाळा चालवले आणि काढले. तुमचा तो खर्च वाचावा, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उंचीचा हिशोब न करणं

जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ (रुंदी १९५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची), व्यास सुमारे ६९३ मिमी. २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७३३ मिमी. वाढ ४० मिमीची दिसते, पण गाडी उचलली जाते निम्मीच, २० मिमी. उरलेली निम्मी वाढ वर मडगार्डकडे जाते आणि तिथेच घासायला लागते. म्हणजे हाती आलं बोटाच्या एका पेराएवढं, आणि मूळची गाडी २१० मिमी उंच होतीच.

त्या पेराची किंमत इंजिन मोजतं. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, टॉर्क १३४ एनएम. चाक मोठं झालं की गिअर जवळजवळ सहा टक्क्यांनी लांब पडतो. सपाटीवर जाणवत नाही. साखळी शहर सोडून चोर्ल्याचा घाट चढायला लागलात की जाणवतं: तिसऱ्यावर निघणारी चढण दुसऱ्यावर काढावी लागते, आणि ऑटोमॅटिक असेल तर चार गिअरचा गिअरबॉक्स सारखा वर-खाली करत राहतो. उतरताना जड चाक थांबवायला ब्रेक मात्र तेच.

आता मी २१५/७५ आर १५ वापरतो. व्यास दीड टक्काच वाढतो, पण ऑल-टेरेन पॅटर्न मिळतो आणि बाजूची भिंत खड्ड्याला टिकते. महिंद्रा थारवाल्यांना तर माप वाढवायची गरजच नाही. १८ इंची रिमवर कंपनीचाच २५५/६५ आर १८ येतो, व्यास सुमारे ७८९ मिमी, म्हणजे मुळात ३१ इंच. माप तेच ठेवा, पॅटर्न बदला.

रिमची रुंदी न बघणं

ही चूक दुकानात कोणी बोलून दाखवत नाही. जिम्नीची कंपनीची रिम साडेपाच इंच रुंद आहे. २३५/७५ ला किमान सहा इंच लागते. टायर चढतो, हवाही धरतो. "किती गाड्यांना लावलेत साहेब," असं मलाही सांगितलं गेलं. पण अरुंद रिमवर दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग, मधोमध फुगतो. मधला पट्टा आधी झिजतो, वळणावर गाडी डुलते. मग रुंद रिम घ्यायची, ती बाहेर निघते, बेअरिंगवर भार वाढतो आणि चिखल थेट दारावर उडतो.

घासतं का, हे दुकानासमोरच्या सपाट जागेत कळत नाही. आमच्या वाड्यातली वाट दोन्ही बाजूंनी चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाते. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग पूर्ण मोडलं आणि पुढचं चाक दगडावर चढलं, तेव्हा खर्रर्र आवाज आला. खाली वाकून पाहिलं तर आतलं प्लॅस्टिकचं अस्तर एका रेषेत सोललं होतं. म्हणून पैसे देण्याआधी एक चाक फुटपाथवर चढवा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा आणि दुसऱ्या माणसाला खाली बघायला लावा.

ऑल-टेरेन म्हणजे पावसाळी टायर असं धरून चालणं

इथे माझं मत ठाम आहे, कारण भीती अजून आठवते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. पहिल्या सरींना रस्त्यावर लाल धूळ आणि तेल यांचा चिकट थर असतो. जुलैमध्ये जुन्या गोव्याजवळ पुढची बस अचानक थांबली. मी ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थरथरलं, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) लागलं आणि गाडी माझ्या अंदाजापेक्षा बरीच पुढे जाऊन थांबली. बसच्या मागच्या पाटीवरची अक्षरं वाचता येतील एवढ्या जवळ.

कारण सोपं आहे. ऑल-टेरेन टायरचे ठोकळे उंच आणि त्यांच्यातल्या फटी रुंद. साचलेलं पाणी त्या फटी चांगलं बाहेर टाकतात, पण ओल्या गुळगुळीत डांबराला टेकणारं रबर तेवढं कमी होतं. दगडाने कापू नये म्हणून रबरही बरेचदा कडक असतं. निवडताना ठोकळ्यांवर नख फिरवून बघा: बारीक उभ्या-आडव्या चिरा भरपूर असतील आणि त्या खोलवर गेलेल्या असतील, तर तो टायर ओल्यात बरा. नुसते मोठे कोरे ठोकळे असतील तर तो चिखलाचा टायर समजा, मग नाव काहीही असो.

एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला टायरही विचार करून घ्या. जड ओझ्यासाठी त्याच्या भिंती कडक असतात. जिम्नीचं वजन साधारण १२०० किलो. एवढ्या हलक्या गाडीला तो टायर खड्ड्यावर दबतच नाही, नुसता उसळतो. उत्पादनाची तारीखही वाचा: टायरच्या भिंतीवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. कायद्याने ट्रेडची खोली १.६ मिमीपर्यंत चालते, पण आपल्या पावसात मी ३ मिमीच्या खाली जात नाही. नवे टायर पहिले दोनतीनशे किलोमीटर निसरडे असतात, तेव्हा गणेश चवथीच्या आदल्या दिवशी घालून रात्री गावी निघू नका.

सगळ्या टायरांत ३५ पीएसआय हवा भरणं

पंपावर मोठा टायर दिसला की पोऱ्या ३५ भरतो. आधी ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर वाचा. माप बदललं असेल तर तिथून सुरुवात करा आणि खडूने तपासा. सकाळी टायर थंड असताना ट्रेडवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढा, गाडी सरळ वीसेक मीटर चालवा आणि उतरून बघा. रेघ मधेच पुसली गेली असेल तर हवा जास्त. कडांना पुसली आणि मधे राहिली तर कमी. सगळीकडे सारखी विरळ झाली की ठीक. माझ्या गाडीला ३५ वर मधला चार बोटांचा पट्टाच पुसला जायचा.

कुळागराच्या चिखलात हवा १८-२० वर आणली तर गाडी सहज निघते, पण पंप सोबत हवा. तशीच गाडी हमरस्त्यावर पळवली तर टायरची भिंत तापून फाटते.

स्टेपनी विसरणं

चार नवे आणि मागे जुनी लहान स्टेपनी, हे फोर-व्हील-ड्राइव्हला चालत नाही. पंक्चर झाल्यावर एक चाक लहान झालं आणि फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावला, तर ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला, मार बसतो. पाच टायर घ्या आणि दर ८-१० हजार किलोमीटरला पाचही फिरवा, म्हणजे त्यांच्या जागा आलटून-पालटून बदला.

नंतर त्रास होतो तेव्हा

घुंऽऽ असा आवाज हळूहळू वाढत असेल तर ठोकळ्यांवरून तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर टोचरं लागलं, तर टायर फिरवायला उशीर झालाय. अलाइनमेंटही बघून घ्या. ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग. रिमच्या आत वाळलेली लाल माती चिकटली असेल तरीही हेच होतं, म्हणून पाण्याचा जोराचा मारा करून मग दुकानात जा.

ॲव्हरेज पडला म्हणून घाबरण्याआधी हिशोब करा. मोठ्या चाकाने मीटर कमी किलोमीटर मोजतो. २३५ वर खरे १०० झाले की मीटरवर साधारण ९४.५ दिसतात. मीटर लिटरला १३ सांगत असेल तर खरा आकडा पावणेचौदाच्या आसपास असतो. वेगाचंही तसंच: मीटर मूळचा थोडा जास्त दाखवतो, पण टायर एवढा वाढवला की तो कमीही दाखवू शकतो. शेजारी बसलेल्याला मोबाइलवरचा वेग वाचायला सांगा.

कायद्याची बाजू थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. अपघातानंतर इन्शुरन्सवाला आधी हेच बघतो. कंपनी त्या मॉडेलला देते ते माप घेतलं तर हा प्रश्नच येत नाही. त्याहून वेगळं घ्यायचं असेल तर आधी आरटीओत आणि इन्शुरन्सकडे लेखी विचारा.

मावसभावाने शेवटी मूळ मापाचेच पाच घेतले, बारीक चिरांचा पॅटर्न बघून. काल अंगणात खडू घेऊन बसला होता. १०० किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा आवळून घे, एवढं मी त्याला दोनदा सांगितलंय.