ब्रेकमधली हवा घरीच कशी काढायची (दोन माणसं पाहिजेत)

पेडल दाबलं की स्पंजवर पाय दिल्यासारखं आत जातंय आणि दोन-तीनदा पटापट पंपिंग केलं की मग कडक होतंय, असं असेल तर ब्रेक ऑइलच्या लाईनमध्ये हवा धरलीय समजा. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, त्यामुळं तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत जायच्या आधी त्या बुडबुड्यातच संपतो. पण पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत जात असेल तर ते वेगळं दुखणं आहे, मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडं ढकलणारा पंप) सील गेलंय नाहीतर कुठंतरी गळतंय, तिथं हवा काढून काही उपयोग नाही, आधी गळती शोधा. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा, व्हील सिलेंडर (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलेंडर) गळाला की तिथंच कळतं.

आमची जुनी व्हॅगनआर, पुढं डिस्क मागं ड्रम. मागच्या मे महिन्यात तुळजापूरहून येताना घाट उतरताना पेडल एकदम मऊ लागलं, गाडीत आई होती, मी सेकंडला टाकून गाडी बाजूला घेतली, अर्धा तास थांबलो तर पेडल परत बरं झालं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ ग्रेडचं नवं ऑइल २३० डिग्रीच्या पुढं उकळतं पण पाणी मुरलेलं असलं की तोच आकडा १५५ पर्यंत येतो, आणि उतारावर सारखा ब्रेक लागला की तेवढं तापमान व्हायला वेळ लागत नाही, वरून आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. उकळलं की वाफ होते, वाफ पण हवेसारखीच दाबली जाते. थंड झाल्यावर बरं वाटलं म्हणून सोडून देऊ नका, ऑइल बदलायलाच झालंय.

सामान जास्त नाही. बॉनेटमधल्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं सीलबंद ऑइल (बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात अजिबात मिसळायचं नाही), निपलच्या (चाकामागचा, ऑइल-हवा बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) मापाचा रिंग पाना, फिश टँकची पारदर्शक नळी, पाण्याची रिकामी बाटली, जॅक आणि स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, आणि चाकाला दगड लावा. अर्धा लिटर ऑइल हवा काढायला पुरतं, सगळंच बदलायचं असेल तर लिटरभर आणा. बाटलीत तळाला थोडं ऑइल घालून नळीचं टोक त्यात बुडवून ठेवायचं म्हणजे हवा उलटी ओढली जात नाही.

निपलवरचं रबरी टोपण बऱ्याच गाड्यांना नसतंच, मग भोकात माती गच्च बसते, तारेनं कोरून काढा. निपल गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी हलकं ठोकून रिंग पान्यानंच सोडवा. साध्या पान्यानं कडा गोल होतात, आणि निपल आतून पोकळ असतो, मोडला तर काम वाढतं.

इंजिन बंद, पेडल चार-पाचदा दाबून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम संपवा. सुरुवात मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत लाईन तिरकी जोडलेली असते, मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असला तर तोच धरा.

आता खरं काम, आणि ते पान्यापेक्षा बोलण्यावर चालतं. मी खाली, पुतण्या सीटवर. मी म्हणतो "दाब", तो दाबून धरतो आणि म्हणतो "दाबलं". मी निपल पाव फेरा सोडतो, पेडल खाली जातं, तो म्हणतो "गेलं", पण पाय तिथंच. मी निपल आवळतो, मगच म्हणतो "सोड". आवळायच्या आधी पाय उचलला की निपलच्या आट्यांतून हवा परत आत जाते आणि सगळी मेहनत वाया. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, कारण मास्टर सिलेंडरचा जो भाग एरवी वापरात येत नाही तिथं गंज असतो, पेडल पार तळापर्यंत गेलं की सील त्यावर घासून फाटतं.

नळीकडं बघत राहा. आमच्या मागच्या डाव्या चाकाला आधी पांढरा फेस आला, मग काळ्या चहासारखं ऑइल, त्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागं एक, आणि दहा-बारा वेळा झाल्यावर नवं, फिकट ऑइल सलग यायला लागलं. बुडबुडे थांबल्यावरही दोनदा जास्त करा. दर पाच-सहा वेळांनी वरच्या डबीत ऑइल टाका, लेव्हल मिनिममच्या खाली जाऊच द्यायची नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा तिसऱ्या चाकाला मी हेच विसरलो, डबी रिकामी झाली, मास्टर सिलेंडरमध्येच हवा गेली आणि पहिल्या चाकापासून परत सगळं केलं.

ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका, रंग उचलतं. डिस्कच्या पॅडवर, ड्रमच्या आतल्या लायनरवर तर थेंबही नको.

झालं की पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरायचं, खाली बसता कामा नये, तेवढ्यात दुसऱ्यानं चारी निपल बोटानं चाचपून कोरडे आहेत का बघायचं. इंजिन चालू केल्यावर पेडल थोडं खाली जातं, ते बूस्टरचं काम आहे, घाबरू नका. हवा सगळी निघूनही पेडल खाली लागत असेल तर मागचे लायनर ॲडजस्ट करायचे राहिलेत. आणि एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत डबी पूर्ण रिकामी झाली असेल तर युनिटमधली हवा अशी निघत नाही, स्कॅनर लावून पंप फिरवणाऱ्याकडंच न्या.

पहिली चक्कर मोकळ्या मैदानात, पंधरा-वीसच्या स्पीडनं, ब्रेक नीट बसतोय हे चार-पाचदा बघूनच विजापूर रोडला गाडी घाला.