जुन्या पुस्तकातलं झाड आणि कॅटलॉगमधलं वाण शोधायचं कसं

जुन्या पुस्तकांतली झाडाफुलांची चित्रं भारीच असतात, पण त्यावरून झाड ओळखायचं असेल किंवा जुनं वाण शोधायचं असेल तर चित्र नंतर बघा, आधी पुस्तकाचं साल बघा. १७५३ च्या आधीचं असेल तर नावाच्या जागी बऱ्याचदा लॅटिनमधलं लांबलचक वर्णनच सापडतं, कारण दोन शब्दी नावं लिनियस या स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञाने सगळ्या झाडांना सरसकट लावली ती त्या वर्षीच्या पुस्तकात. नंतरचं असलं तरी नाव बदललेलं असू शकतं, टोमॅटोच घ्या ना, कित्येक पुस्तकांत तो लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम आहे आणि आज सोलॅनम लायकोपर्सिकम. जुनं नाव लंडनच्या क्यू गार्डनच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या वेबसाइटवर टाकलं की आजचं समजतं.

पुस्तकं फुकट बघायची तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी ही वेबसाइट, तिथे प्रत्येक पानावर सापडलेली शास्त्रीय नावं बाजूला दिसतात. फक्त स्कॅन वाचताना कॉम्प्युटर जुन्या छपाईतल्या लांब एसला (ſ) एफ समजतो, त्यामुळे सर्चमध्ये काही आलं नाही म्हणून सोडू नका, शेवटची सूची डोळ्याने चाळा.

आता चित्र. फुक्स या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाच्या १५४२ च्या पुस्तकासारखा लाकडी ठसा असेल तर पानांची ठेवण, मुळं चांगली कळतात, बारीक लव वगैरे शोधायची ती तांब्याच्या प्लेटवरून छापलेल्या चित्रात. रंगावर मात्र जाऊ नका!! कर्टिसचं बोटॅनिकल मॅगझिन १७८७ ला सुरू झालं आणि १९४८ पर्यंत त्यातली चित्रं हाताने रंगवायचे, म्हणजे एकाच अंकाच्या दोन प्रतींत फूल वेगळ्या छटेचं निघू शकतं, जमलं तर दोन स्कॅन शेजारी लावून बघा. आणि एकाच फांदीवर कळी, फूल, फळ सगळं दिसलं तर झाड तसंच असतं असं नाही, चित्रकाराने वेगवेगळ्या वेळचं एकत्र आणलेलं असतं. मलबारच्या झाडांवरच्या हॉर्टस मलबारिकस या पुस्तकाच्या (१२ खंड, १६७८ ते १६९३) चित्रांवर तर देवनागरीतही नावं कोरलेली आहेत, आपल्याला ती सरळ वाचता येतात.

बियांच्या कॅटलॉगचं गणित वेगळं. ती जाहिरात आहे हो, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रंगीत छपाई स्वस्त झाल्यावर कोबी, टोमॅटो अवाढव्य व्हायला लागले. काही चित्रांचे तयार ठसे विकत मिळायचे, त्यामुळे तेच चित्र दोन कंपन्यांकडे दिसलं म्हणून वाण एकच असं धरू नका, आणि उलट एकाच वाणाला प्रत्येकाने आपलं नाव दिलेलंही सापडेल. म्हणून मजकूर वाचा: किती दिवसांत तयार, उंची किती, बी कोणत्या रंगाचं. मग त्याच कंपनीचे आधीचे नंतरचे कॅटलॉग काढून नाव पहिल्यांदा कधी आलं ते बघा, नवीन माल बहुतेक वेळा सुरुवातीच्या पानांवर असतो. गोल्डन बँटम मका असाच बर्पी या अमेरिकन बियाणे कंपनीच्या १९०२ च्या कॅटलॉगमध्ये पहिल्यांदा दिसतो.

भाज्यांच्या बाबतीत माझा भरवसा कॅटलॉगपेक्षा व्हिल्मोरँ या फ्रेंच बियाणे कंपनीच्या १८८३ च्या फ्रेंच पुस्तकावर जास्त, १८८५ ला इंग्रजीत आलं, त्यात वाणाची इतर नावं आहेतच पण एका ग्रॅममध्ये बिया किती बसतात तेही दिलंय. बियाणं जपणाऱ्या संस्थेला विचारताना मग ही सगळी नावं, साल आणि पान नंबर एकत्र पाठवा, नुसता चित्राचा स्क्रीनशॉट नको.