शोभेच्या तळ्याला खडीची गाळण : काम होळीच्या आत उरका

नर्सरी, कृषी पर्यटन केंद्र, फार्महाऊस, नाहीतर घरापुढचं अंगण. कमळं लावून कोई-गोल्डफिश सोडलेलं छोटं तळं हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसतं. थंडीत पाणी नितळ असतं. ऊन तापायला लागलं की ते हिरवं पडतं आणि मार्चअखेर मासे दिसेनासे होतात. मग कुणी मोरचूद टाकतं, कुणी सगळं तळं उपसून घासून काढतं. काही आठवड्यांत पुन्हा तेच, कारण मूळ दुखणं तसंच राहतं. माशांचं उरलेलं खाद्य, त्यांची विष्ठा आणि पडलेला पाला यांतून नत्र-स्फुरद पाण्यात उतरत असतं. शेवाळाला आयतं खत मिळतं.

हे खत शेवाळाच्या आधी दुसऱ्या झाडांच्या मुळांना द्यायचं, एवढंच खडीच्या गाळणीचं काम. मोरीच्या पाण्यावर परसात अळू आणि कर्दळ लावायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. इथे तळ्याला लागून एक उथळ वाफा करायचा. त्यात माती अजिबात नाही, नुसती खडी. पंपाने तळ्यातलं पाणी वाफ्याच्या बुडाशी सोडायचं, ते खडीतून वर चढतं आणि काठावरून पुन्हा तळ्यात पडतं. खडीवर वाढलेले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते मुळं उचलतात. नाव गाळण असलं तरी खडीने चाळणीसारखी घाण अडवत बसावं अशी अपेक्षा नाही. झाडं वाढवायची आणि कापून बाहेर न्यायची, पाण्यातलं खत खरं तर तेव्हाच बाहेर जातं.

जिवाणू नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून बांधकाम फेब्रुवारीत उरकावं. एप्रिलात पाणी हिरवं झाल्यावर धावपळ करून बांधलेली गाळण त्या उन्हाळ्यात फारशी उपयोगी पडत नाही.

माप आणि खडी

तळ्याच्या पृष्ठभागाच्या १५ ते २० टक्के क्षेत्र वाफ्याला ठेवा. कोई भरपूर असतील तर ३० टक्क्यांपर्यंत जा, कारण कोई खातोही फार आणि घाणही फार करतो. समजा तळं ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ६० सें.मी. खोल आहे. पाणी झालं ३,६०० लिटर आणि वाफा साधारण १.२ चौ.मी. खडीचा थर ३० सें.मी. पुरे, बहुतेक पाणवनस्पतींची मुळं त्याखाली फारशी जात नाहीत आणि जास्त खोल थरात कुजकी, प्राणवायू नसलेली जागा तयार होते. एवढ्या वाफ्याला जेमतेम १३ घनफूट खडी लागते, म्हणजे ब्रासचा आठवा हिस्सा. त्यासाठी ट्रॅक्टर मागवू नका, शेजारी कुणाचं बांधकाम चालू असेल तर तिथून घमेल्यांनी भागेल.

खडी १० ते १२ एमएमची घ्या. नदीतली गोलसर मिळाली तर उत्तम, नाहीतर क्रशरची काळ्या दगडाची चालते. तिच्यातली डस्ट मात्र धुऊन काढलीच पाहिजे. घमेल्यात घेऊन पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, एकदा विसळून भागत नाही. मुरूम, विटांचे तुकडे, चुनखडी, संगमरवरी चिप्स नकोत. क्रशरच्या खडीला धार असते, म्हणून वाफ्याला अस्तर घातलेल्या ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाच्या (शेततळ्याला वापरतात तोच) खाली आणि वर जुन्या प्लास्टिक गोण्यांचा एकेक थर द्या.

वाफ्याची कड तळ्याच्या पाण्यापेक्षा वीतभर उंच हवी. पाणी परतायला १५ ते २० सें.मी. रुंद तोंड ठेवा. खडी पाण्याच्या पातळीच्या वर दोन-तीन बोटं दिसली पाहिजे. वर उघडं पाणी साचलं की डास झालेच.

पाइप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दीड इंची पीव्हीसी पाइप वाफ्याच्या लांबीभर तळाशी आडवा घाला. त्याला दर दोन इंचांवर करवतीच्या पात्याने आडव्या चिरा पाडा, खोली पाइपच्या व्यासाच्या एक तृतीयांश. गोल भोकं पाडली तर त्यांत नेमका एकेक खडा बसतो. चिरा खालच्या बाजूला राहू द्या आणि पाडल्यावर कानस फिरवा, नाहीतर तीच कूस कागद फाडते. पाइप थेट कागदावर न ठेवता थोड्या खडीवर टेकवा.

पाइपच्या दुसऱ्या टोकाला एल्बो लावून उभा तुकडा खडीच्या वर काढा आणि त्याला आट्याची एंड कॅप लावा. ही कॅप सोल्युशनने चिकटवू नका. पुढची सगळी साफसफाई याच तोंडातून करायची आहे.

पंप तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, विटेवर उचलून ठेवा, म्हणजे बुडाचा गाळ ओढणार नाही. दीड-दोन तासांत तळ्यातलं सगळं पाणी एकदा फिरेल असा पंप घ्या. आपल्या उदाहरणात ताशी दोन ते अडीच हजार लिटर. पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी तीन फूट चढवलं की तो बराच उतरतो. पंप चोवीस तास चालू ठेवायचा. ४० वॅटचा असेल तर महिन्याला सुमारे २९ युनिट जातात. वीज वाचवायला रात्री बंद करणारे आहेत, पण माशांना प्राणवायूची खरी चणचण पहाटेच असते. पाणी तापलं की ती आणखी वाढते: २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मि.ग्रॅ. प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच.

झाडं

कर्दळ, वेखंड, छत्रीगवत, अळू, वाळा, काठाला ब्राह्मी. कर्दळ माझी पहिली पसंती, कारण ती भराभर वाढते, कापली तरी फुटते आणि कुठेही फुकट मिळते. रोपांच्या मुळांची माती पूर्ण धुऊन फूटभर अंतरावर लावा, मुळं पाण्याला टेकली पाहिजेत. पाणकणीस टाळा, त्याचे कोंब कागद फोडतात. जलपर्णी कितीही सुंदर फुलली तरी आणू नका, एकदा ओढ्यात गेली की गावाला पुरून उरते.

सुरुवातीला कर्दळ पिवळी दिसेल. हात लगेच युरियाकडे जातो, तो आवरा. युरियाचा पाण्यात अमोनिया होतो आणि मासे एका रात्रीत उलटे पडतात. मोरचुदाचंही तेच. शेवाळाबरोबर मासे आणि खडीवरचे जिवाणूही जातात आणि मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. बागेत फवारणी असेल त्या दिवशी तळ्यावर कापड टाका, फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका. माशांना औषध घातलं असेल तर वाफ्यातलं अळू भाजीला घेऊ नका.

देखभाल

आठवड्याला पंपाची जाळी किंवा स्पंज धुवा, तोही तळ्याच्याच पाण्यात. दोन-तीन महिन्यांनी पंप बंद करून कॅप उघडा आणि पंपाचं तोंड तात्पुरतं सोडवून उभ्या पाइपातून होजने पाणी मारा. उलट येणारं काळं पाणी नारळाला, केळीला घाला. दिवसभर वीज नसेल तर खडीत सडका वास येतो. वीज आल्यावर पहिलं पाणी बादल्यांत काढून बाहेर टाका, मगच वाफा तळ्याला जोडा. महिन्यातून एकदा पिवळी पानं आणि फुलून गेलेले दांडे कापा. वर्षातून एकदा कर्दळीचे गड्डे विरळ करा. कापलेलं कंपोस्टला जाऊ दे, वाफ्याच्या काठावर कुजत पडू देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ ते १० मि.मी. पाणी उडतं. आपल्या तळ्या-वाफ्याचे ५५ ते ७० लिटर झाले, झाडं पितात ते वेगळं. नळाचं पाणी उघड्या टाकीत दिवसभर ठेवून मग घाला. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार साठत जातात, तेव्हा पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी काढून नवं भरा.

पाणी सुधारतंय का ते बघायला एक पांढरी बशी तळाशी ठेवा. दोन फुटांवरून तिची कड स्पष्ट दिसली की गाळण लागू पडली. तोवर माशांना पाच मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या.

३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याला हा उपाय करू नका. तिथे १५ टक्के म्हणजे १३५ चौ.मी. वाफा होतो, ती खडी आणि तो पंप परवडणार नाही. ठिबकसाठी सँड फिल्टरच बरा.

मृगाच्या आधी तळ्याची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच वर आहे ना, ते बघा. पहिल्या पावसाचा गढूळ लोंढा आत शिरला तर तीन महिन्यांत बसलेली खडी एका दिवसात चिखलाने भरते, आणि मग मात्र ती सगळी उपसून धुवावी लागते.